हसणे हेही कामच

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देऊन टाकते. २०२५ च्या मार्च महिन्यात मी विमानाच्या बिझनेस क्लासमध्ये बसून न्यूयॉर्कला गेले, आणि मला ते आवडले.

स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या आयोगाची बैठक दरवर्षी तिथे भरते. १९९५ च्या बीजिंग परिषदेला तीस वर्षे होत होती, म्हणून या वेळी देशोदेशीच्या बाया जमणार होत्या. त्या निमित्ताने एका संस्थेने ठेवलेल्या चर्चेत घरकामगार बायांविषयी बोलायला मला बोलावले. पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी बोलायचे होते, आणि एवढ्या लांबच्या प्रवासाला बिझनेस क्लासचेच तिकीट द्यायचे असा त्या संस्थेचा नियम. तिकिटावरची रक्कम वाचून मी कागद उलटा ठेवला. आमच्या केंद्रातल्या दोन कार्यकर्त्यांचे वर्षाचे मानधन त्यात भागले असते. "साधे तिकीट काढा, उरलेले पैसे केंद्राला द्या," असे मी कळवलेही. प्रवासाचा पैसा दुसऱ्या खात्यात वळवता येत नाही, असे उत्तर आले. मग मी गेले.

मुंबईच्या विमानतळावर बिझनेस क्लासच्या रांगेत उभी राहिले, तर गणवेशातला एक मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुमची रांग पलीकडे." अंगात सुती साडी, खांद्याला झोळी, पायांत चपला. तिकीट दाखवल्यावर तो ओशाळला. मला राग आला. लगेच दुसरे मन म्हणाले, राग कशाचा आला तुला? रांगा वेगळ्या आहेत याचा, की तुला पलीकडच्या रांगेतली समजले याचा? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मला आवडले नाही.

आखातातल्या एका शहरात विमान बदलले. तिथून न्यूयॉर्क जवळजवळ चौदा तास. खुर्ची कसली, छोटी खोलीच ती. बटण दाबले की पाठ मागे जाते, पाय वर येतात आणि खुर्चीचा सपाट पलंग होतो. बसल्या बसल्या गरम रुमाल, मग सरबत, मग जेवणाआधी टेबलावर पांढरे कापड. मागे शेकडो माणसे गुडघे आवळून बसलेली, आणि मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे बहुतेक पुरुष. बाया होत्या त्यांतल्या निम्म्या सेवा देणाऱ्या. रात्री एका मुलीने माझ्या खुर्चीवर गादी पसरली, चादर घातली, उशी ठेवली. लहानपणानंतर माझे अंथरूण दुसऱ्या कोणी घातल्याचे मला आठवत नाही. बाईच्या आयुष्यात विश्रांती ही सगळ्यांचे आवरून झाल्यावर उरली तर मिळणारी गोष्ट. इथे ती विकत मिळत होती. ती कोणाच्या तरी श्रमातून तयार होत होती, हे मात्र मला जरा उशिरा दिसले.

पलीकडच्या ओळीत एक गृहस्थ होते. तिसऱ्या का चौथ्या पेल्यानंतर त्यांनी त्या मुलीचे मनगट धरले आणि काहीतरी बोलले. ती हसली. हसत हसत हात सोडवला, "पाणी आणते" म्हणाली आणि गेली. थोड्या वेळाने मला आणखी एक पांघरूण द्यायला आली तेव्हाही ती हसली. दोन्ही वेळचे हसू तंतोतंत सारखे होते. आणि मी? वस्तीवस्तीत शिबिरे घेऊन 'बघत बसू नका, बोला' असे बायांना सांगणारी मी, गादीवर बसून गप्प राहिले.

झोप उडाली. विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरापाशी जाऊन उभी राहिले. मी पुटपुटलेले "अगं बाई" तिने ऐकले आणि चक्क मराठीत विचारले, "ताई, झोप येत नाही का?" मुलगी सांगलीकडची. वय सत्तावीस.

मी म्हटले, "त्या माणसाला मी बोलायला हवं होतं. चुकलं माझं."

"बरं झालं नाही बोललात," ती म्हणाली. "भांडण झालं असतं तर मलाच लेखी द्यावं लागलं असतं, की प्रवासी चिडण्यापर्यंत गोष्ट का गेली म्हणून."

मग बोलत राहिली. विमानात चढताना उंच टाचेचे बूट, आत आल्यावर सपाट. ओठांना कोणता रंग लावायचा तेही ठरलेले. झोपेच्या वेळा रोज वेगळ्या, त्यामुळे पाळीचा पत्ता नाही. कर्मचाऱ्यांना आळीपाळीने झोपायला विमानात अरुंद फळ्या असतात, तिथे तीन-चार तास मिळतात. "आणि घरी?" मी विचारले. "आई लोकांना सांगते, मुलगी परदेशात ऑफिसात आहे. स्थळं येतात ना. हवाईसुंदरी म्हटलं की पहिला प्रश्न, रात्री कुठे राहते? दुसरा प्रश्न, पगार किती?"

तुमच्या संघटनेचे काय, असे विचारल्यावर ती नुसतीच हसली. हे हसू वेगळे होते. आखातातल्या काही देशांत कामगारांना संघटना बांधायला परवानगीच नाही.

त्या रात्रीपासून 'हवाईसुंदरी' हा शब्द मला टोचतो आहे. आपण शब्दांवर कमी भांडलेलो नाही. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, संघटना उभ्या राहिल्या, आणि हळूहळू 'मोलकरीण' हिची 'घरकामगार' झाली. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी किती रडतखडत झाली ते आपण जाणतो. पण 'कामगार' हा शब्द तरी कायद्याच्या पुस्तकात गेला. 'हवाईसुंदरी' मात्र आपण सगळ्या सहज म्हणतो. या शब्दात काम कुठेच नाही. आहे ते फक्त रूप. आणि नोकरीचे नाव रूपावरून ठेवले की रूप उतरल्यावर नोकरी जाते, हे ओघाने आले.

हे मी अलंकारिक बोलत नाही. एअर इंडियाच्या नियमांप्रमाणे हवाईसुंदरीने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर त्याआधीच, आणि पहिले गरोदरपण आले तरी त्याआधीच. व्यवस्थापकीय संचालकाच्या मनात आले तर मुदत पंचेचाळीसपर्यंत वाढायची. त्याच विमानात सेवा देणारे पुरुष अठ्ठावन्नपर्यंत नोकरीत. याविरुद्ध नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला. गरोदरपणाची अट त्यांनी कडक शब्दांत रद्द केली, संचालकाची मनमानीही काढून टाकली. पण चार वर्षे लग्न न करण्याची अट योग्य ठरवली. तिच्या समर्थनार्थ कुटुंबनियोजनाचाही आधार घेतला! आणि पुरुषांची व बायांची नोकरीतली श्रेणीच वेगळी आहे, तेव्हा अटी वेगळ्या असल्या तर तो भेदभाव नव्हे, असेही सांगितले.

या शेवटच्या वाक्यापाशी जरा थांबू या. आधी बाई म्हणून वेगळी श्रेणी करायची आणि मग श्रेणी वेगळी म्हणून अटी वेगळ्या ठेवायच्या! शेतमजूर बाईला निंदणीचा दर वेगळा का, असे विचारले की हेच उत्तर मिळते: ते बायांचे काम आहे.

पुढे वयाची मर्यादा वाढली, तरी २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने बायांना विमानात पन्नासपर्यंत आणि पुरुषांना अठ्ठावन्नपर्यंत काम, हा फरक मान्य केला. विमानातल्या सेवकवर्गाचा पर्यवेक्षक पुरुषच असायचा. २००५ साली एअर इंडियाने ती जागा बायांना खुली केली, तर पुरुष सहकारी न्यायालयात गेले. ते दिल्लीच्या उच्च न्यायालयात २००७ साली हरले आणि सर्वोच्च न्यायालयात २०११ साली. बाईच्या हाताखाली काम करावे लागू नये म्हणून एवढी वर्षे खटला! आणि मध्येच, २००९ च्या जानेवारीत, वजन जास्त म्हणून काही हवाईसुंदरींना कामावरून काढले गेले.

या साऱ्या लढाया प्रामुख्याने त्या बायांनीच लढल्या. आपण कुठे होतो? मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, तेव्हा असंघटित कामगारांवर एक अख्खा पेपर होता. त्यात विडी कामगार होत्या, कचरावेचक होत्या, घरकामगार होत्या. विमानात काम करणारी बाई कुठेच नव्हती. ती आम्हांला शोषित वाटतच नव्हती. चांगला पगार, परदेशवारी, नटणे-मुरडणे. तिचे कसले प्रश्न? खरे सांगायचे तर, जिचा लिपस्टिक आपल्याला खटकला तिच्या अन्यायाकडे आपण पाठ फिरवली.

अमेरिकेत वेगळे घडले. तिथे १९७१ साली एका विमान कंपनीने तरुण मुलीचा फोटो आणि 'माझ्यावर स्वार व्हा' असा दुहेरी अर्थाचा मजकूर छापून जाहिराती केल्या. १९७२ साली त्याच कामातल्या बायांनी स्त्री-हक्कांसाठी स्वतःची संघटना काढली आणि चळवळीशी हात मिळवला. आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी या कामाचा अभ्यास करून १९८३ साली 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की हमाल जसा पाठीचे श्रम विकतो तशी ही बाई भावनांचे श्रम विकते. राग गिळणे, चेहऱ्यावर आपुलकी आणणे हे तिच्या कामाचाच भाग असते. ते सोपे दिसते, कारण बाईने हसतमुख असणे आपण निसर्गाचे देणे मानतो. निसर्गाचे देणे म्हटले की त्याचा पगार द्यायला नको.

शिवाय हसणे हे तिचे मुख्य काम नव्हेच. विमान भरलेले असताना, निम्मे दरवाजे बंद असताना, सगळ्यांना ९० सेकंदांत बाहेर काढता आले पाहिजे असा विमानांच्या चाचणीचा नियम आहे. ते करायचे कोणी, तर हिनेच. आग विझवणे, थांबलेले हृदय चालू करणे, वेळ आली तर बाळंतपण, हे सारे तिला शिकवलेले असते. नीरजा भनोट आठवते ना? ५ सप्टेंबर १९८६ ला कराचीत पॅन ॲमच्या विमानाचे अपहरण झाले तेव्हा तिने प्रवाशांना वाचवताना जीव दिला. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. हुंड्यासाठी छळणारे सासर सोडून आलेली ही मुलगी बावीस वर्षांची होती. आपण तिला 'शूर सुंदरी' करून फोटोत बसवले. ती आपले काम चोख करणारी कामगार होती, हे म्हणायला आपली जीभ रेटली नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, आपल्यापुढे ऊसतोड बायांचे प्रश्न आ वासून उभे असताना हे श्रीमंतांच्या विमानातले काय घेऊन बसलीस? दुःखांची तुलना करायची नाहीच मला. सांगलीच्या त्या मुलीचा पगार ऊसतोड बाईच्या कितीतरी पट आहे. पण ऊसतोडीत खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढून टाकण्यापर्यंत बायांवर वेळ येते, आणि विमानात पस्तिशी, वजन, लग्न, गरोदरपण यांचा हिशोब कंपनी ठेवते. दोन्हीकडे मालकाला काम हवे आहे, पण बाईच्या शरीराची अडचण नको आहे. आणि विमानातले हसण्याचे काम आता खाली उतरून आपल्या तालुक्याच्या गावात आले आहे. साडीच्या दुकानातली मुलगी, खाजगी दवाखान्यातली स्वागतिका, मॉलमध्ये दहा तास उभी असणारी मुलगी यांच्याकडेही तेच मागितले जाते: उभी राहा, बारीक राहा, हसत राहा. या मुली आपल्या बैठकांना येत नाहीत. आपण त्यांना कधी बोलावलेय?

उतरण्याआधी मी त्या मुलीला विचारले, "तक्रार लिहू का?" ती म्हणाली, "तक्रार नको ताई. माझ्या कामाबद्दल चांगलं लिहा. ते मोजतात." अभिप्रायाच्या कागदावर मी लिहिले, की ही कर्मचारी अवघड प्रसंग शांतपणे आणि कौशल्याने हाताळते. तिच्या हसण्याविषयी मुद्दाम एक शब्द लिहिला नाही. त्या गृहस्थांविषयीही लिहिले नाही, आणि ते मला अजून खाते आहे. ती सांगते म्हणून गप्प बसणे हे तिच्या म्हणण्याचा मान ठेवणे होते, की माझी सोय होती? तुम्ही काय केले असते, ते मला जरूर लिहा.

दुसऱ्या दिवशी चर्चेत मी घरकामगारांविषयी बोलले. झोप चांगली झाली होती, बोलणेही बरे झाले. शेवटी न ठरवता एक वाक्य जास्त बोलले: काल रात्री जिने माझे अंथरूण घातले तीही याच यादीत हवी.

आता मी 'हवाईसुंदरी' म्हणत नाही. विमान कर्मचारी म्हणते. शब्द जरा रुक्ष आहे खरा. 'घरकामगार'ही सुरुवातीला रुक्षच वाटला होता.