कर्ता पुरुष आणि ‘घरीच असणारी’ बाई

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या शेतकरी कुटुंबात जाऊन गृहिणीला ‘आपण काय काम करता?’ असे विचारले, तर बहुधा उत्तर येते, ‘काही नाही, घरीच असते.’ हे सांगणाऱ्या बाईने पहाटे गोठा झाडलेला असतो, धारा काढलेल्या असतात आणि कांद्याच्या खुरपणीला निघण्याची तिला घाई असते. ती खोटे बोलत नाही. काम कशाला म्हणावे याची समाजाने ठरवलेली व्याख्याच ती स्वतःला लावून घेते. इतरांनी केलेले अवमूल्यन येथे तिची आत्मप्रतिमा होऊन बसले आहे.

ही प्रतिमा केवळ जुन्या संस्कारांवर टिकलेली नाही. तिला दप्तराचा आधार आहे. सातबारा, सोसायटीचे सभासदत्व, कारखान्याचा भाग हे सारे बहुतांशी पुरुषाच्या नावे असते. ऊसपट्ट्यात बाहेरून येणाऱ्या तोडणी मजुरांत तर नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. उचल जोडप्यामागे ठरते आणि बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ त्यात जातो, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटांचा, असे आढळले. जे श्रम कोणत्याच वहीत चढत नाहीत, ते करणाऱ्याला स्वतःची किंमत वाटावी तरी कशी?

परंतु हा साचा पुरुषालाही सोडत नाही. ‘बाईसारखा रडतोस काय?’ हे ऐकत वाढलेल्या मुलाला ‘कर्ता पुरुष’ व्हावे लागते. मात्र कर्तेपणाची साधने त्याच्या हाती उरलेली नाहीत. जमिनीचे तुकडे झाले, बाजारभाव बेभरवशाचे झाले आणि रांजणगाव-कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतही कंत्राटी कामच अनेकांच्या वाट्याला येते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात डिसेंबर २०२२ मध्ये अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तेव्हा पुष्कळांना हसू आले. वस्तुतः तो अपमानाचा मोर्चा होता. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते, आणि आत्महत्या केलेल्या स्त्रियांत निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. अशा प्रत्येक मृत्यूमागे अनेक कारणे असतात हे खरे. तथापि एकाला हार मान्य करण्याची मुभा नाही आणि दुसरीला दुःख सांगण्याची जागा नाही, याकडे डोळेझाक करता येणार नाही.

यावर समुपदेशन हाच उपाय आहे, असे काही सुशिक्षित मंडळी म्हणतात. ते हवेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांचा हक्क दिला आहे आणि तो तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचला पाहिजे. पण वहीत नाव नसलेल्या बाईला ‘स्वतःवर विश्वास ठेव’ असे सांगणे म्हणजे रिकाम्या चुलीवर फुंकर घालणे होय.

या दृष्टीने या भागाचाच एक धडा आठवावा. १९७२ च्या दुष्काळात याच पर्जन्यछायेच्या पट्ट्यात स्त्रियांनी खडी फोडली, माती वाहिली. त्या अनुभवातून उभ्या राहिलेल्या आणि १९७९ साली अमलात आलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याने कामाचा हक्क कुटुंबाला नव्हे, प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दिला. हजेरीपटावर नाव असलेली बाई ‘घरीच असते’ असे म्हणत नाही. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र हमीचे दिवस कुटुंबामागे मोजले, आणि व्यक्ती पुन्हा कुटुंबाच्या आड गेली.

१९९४ साली महाराष्ट्राने व २००५ साली देशाने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला. तरीही माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. ‘चांगली बहीण’ या साच्याची किंमत अशी एकरांत मोजता येते.

म्हणून सातबारावर पतीबरोबर पत्नीचे नाव, तोडणी मजूर स्त्रीची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात आणि शेतकरी स्त्रीला सोसायटीचे सभासदत्व या मागण्या केवळ आर्थिक नाहीत, त्या मानसिक आरोग्याच्याही मागण्या आहेत. त्या मान्य झाल्या तर पुरुषाच्या खांद्यावरचे एकट्याने कर्ते होण्याचे ओझेही हलके होईल. ग्रामसभांनी आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी त्या हाती घेतल्या पाहिजेत.