मुलांचे इंग्रजी : वाक्य आपल्या घरचे असावे



सांगलीत आमच्या वस्तीतील विहारात संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. ऑफिस सुटल्यावर मी तेथे सहावी-सातवीच्या मुलांचे इंग्रजी घेतो. एकदा 'माय फादर' या विषयावर पाच वाक्ये लिहायला सांगितली. एका मुलीने वही पुढे केली. अक्षर सुरेख, स्पेलिंग बिनचूक. पहिलेच वाक्य होते, 'माय फादर इज अ डॉक्टर.' तिचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात, हळदीची पोती उचलतात. मी विचारले, "बाळ, हे कुणाचे वडील?"

ती म्हणाली, "सर, गाईडमध्ये असंच आहे." मग हळूच विचारले, "हमालाला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

त्या प्रश्नाने मी विचारात पडलो. मुलीची चूक नव्हती. पाठ केलेल्या वाक्यात तिचे वडील बसत नव्हते, म्हणून तिने दुसऱ्याचे वडील घेतले. मीही इतके दिवस स्पेलिंग तपासत होतो, वाक्य कोणाचे आहे हे पाहत नव्हतो.

आमच्या पिढीला ए-बी-सी-डी पाचवीत भेटली. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. तरीही सातवीतले मूल निबंध धडाधड म्हणते आणि "काल काय जेवलास?" असे इंग्रजीत विचारले की खाली पाहते. याचे कारण बुद्धी कमी आहे असे नव्हे. त्याने शब्द साठवले, वाक्ये पाठ केली, पण वाक्य बांधले नाही. नोकरीचा अर्ज असो की तक्रारीचा, तेथे पाठ केलेले चालत नाही. आपली गोष्ट आपल्याच वाक्यात मांडावी लागते.

सुरुवात साध्या वाक्यापासून करावी. मराठी व्याकरणात याला केवल वाक्य म्हणतात. एकाविषयी एकच गोष्ट सांगायची. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर तीन घरे आखावीत. पहिल्या घरात 'कोण?', दुसऱ्यात 'काय करतो?', तिसऱ्यात 'काय, कुठे, केव्हा?' मराठीत आपण म्हणतो, 'आई भाकरी करते.' क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग मधल्या घरात बसते, 'मदर मेक्स भाकरी.' भाकरीला ब्रेड करण्याची गरज नाही. भाकरी ही भाकरीच.

या ठिकाणी आपली मुले कोठे अडखळतात, ते सांगतो. पहिली गोष्ट, मराठीत कर्ता गाळला तरी चालतो. 'शाळेत जाते' एवढ्यावर भागते. इंग्रजीत पहिले घर रिकामे ठेवता येत नाही, 'आय गो टू स्कूल' असेच म्हणावे लागते. दुसरी गोष्ट, मराठीत 'तो जातो, ती जाते' असे क्रियापद बदलते. इंग्रजीत 'ही गोज, शी गोज', दोघांनाही सारखेच. तिसरी गोष्ट मोठी गमतीची आहे. आपण मोठ्यांना आदराने 'बाबा आहेत' म्हणतो, म्हणून मूल 'माय फादर आर' लिहिते. त्याला रागावू नये. इंग्रजीत क्रियापद आदर पाहत नाही, माणसे किती ते पाहते, एवढे समजावून सांगावे. बाबा एकच, म्हणून 'इज'. चौथी गोष्ट, शब्दाला शब्द ठेवू नये. 'मला भूक लागली' याचे 'आय अॅम हंग्री' होते. त्यात 'लागली' शोधत बसले तर जेवण राहून जाईल.

रोज पाच वाक्ये पुरेत. मात्र ती त्या दिवशीची, आपल्या घरची, खरी असावीत. नळाला पाणी आले की नाही, एसटी चुकली का, आजीचा गुडघा दुखतो का, यातूनच वाक्ये निघतात.

साधे वाक्य हातात बसले की जोडवाक्य घ्यावे. यालाच संयुक्त वाक्य म्हणतात. दोन पूर्ण वाक्ये एका शब्दाने जोडायची. सुरुवातीला चार जोडशब्द पुष्कळ झाले. 'अँड' म्हणजे आणि, 'बट' म्हणजे पण, 'ऑर' म्हणजे किंवा, 'सो' म्हणजे म्हणून. 'इट रेन्ड, सो वुई स्टेड अॅट होम.' पाऊस पडला, म्हणून आम्ही घरी राहिलो. जोडशब्दाच्या आधी स्वल्पविराम द्यायची सवय लावावी.

वाक्य खरोखर जोडवाक्य आहे का, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. जोडशब्दावर बोट ठेवून तो झाकावा. दोन्ही बाजूंची वाक्ये आपापल्या पायावर उभी राहिली पाहिजेत. 'आय ड्रिंक टी अँड मिल्क' यात 'अँड' आहे, पण बोट ठेवल्यावर उजवीकडे नुसते 'मिल्क' उरते. म्हणून हे साधेच वाक्य. 'बिकॉज' आणि 'व्हेन' यांची वाक्ये मिश्र असतात. ती पुढे घ्यावीत, आधी घाई करू नये.

मुलांना 'अँड'चा फार सोस असतो. सगळी वाक्ये आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक जोडत जातात. तेव्हा थांबवून विचारावे, "इथे 'आणि' का? 'पण' का नको?" 'तो गरीब आहे आणि प्रामाणिक आहे' व 'तो गरीब आहे, पण प्रामाणिक आहे' यांत किती फरक आहे पाहा! दुसऱ्या वाक्यात गरीब माणूस सहसा प्रामाणिक नसतो, असे न बोलता म्हटलेले आहे. असा 'पण' आपण पुष्कळ ऐकला आहे. तो ओळखायला मूल शिकले, म्हणजे व्याकरणाबरोबर विचार करायलाही शिकले.

आई-वडील म्हणतील, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय करणार? सातारा येथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव गव्हर्नमेंट हायस्कूलमध्ये पहिल्या इंग्रजी इयत्तेत दाखल झाले. तेच आजचे प्रतापसिंह हायस्कूल. हा दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बाबासाहेबांच्या वडिलांनी त्यांच्याकडून घरी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करण्याचा सराव हाच त्या पाठमालेचा गाभा. पुढे त्याच बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात १९०१ सालच्या बालपणीच्या प्रवासात भोगलेली अस्पृश्यता सांगितली. त्यातील बरीच वाक्ये लहान आणि सरळ आहेत. जड शब्दांवाचूनही सत्य सांगता येते, ते असे.

रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. आपल्या घरी तसे कोणी नसेल. पण मुलाजवळ बसणारे माणूस तर आहे ना? आईने मराठीत विचारावे, "आज काय झालं?" मुलाने उत्तर मराठीत सांगून मग इंग्रजीत लिहावे. आईने वही मागावी आणि म्हणावे, "वाच, आणि अर्थ सांग." अर्थ सांगताना मूल अडखळले, तर ते पाठ केलेले आहे हे न शिकलेल्या आईलाही कळते. चुकले तर घरात कोणी हसू नये. हसण्याने तोंड बंद होते आणि मग ते लवकर उघडत नाही.

त्या मुलीला मी म्हणालो, हमालाला शब्द शोधत बसू नको, वडील काय करतात ते लिही. तिने लिहिले, 'माय फादर लिफ्ट्स बॅग्ज इन द मार्केट यार्ड.' परीक्षेत तिने तोच निबंध लिहिला. गाईडचा निबंध लिहिणाऱ्या मैत्रिणीपेक्षा तिला एक गुण कमी मिळाला. तिची आई थोडी नाराज झाली. मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वडील नुकतेच कामावरून आले होते. मुलीने त्यांना शेवटचे वाक्य वाचून दाखवले, 'ही गेट्स टायर्ड, बट ही ब्रिंग्ज मी बुक्स.' अर्थ सांगितला, ते दमतात, पण माझ्यासाठी पुस्तके आणतात.

वडिलांनी वही हातात घेतली. म्हणाले, "ह्यात 'पण' कुठं हाय गं?"

तिने 'बट'वर बोट ठेवले. त्यांनीही ठेवले.

वाचकहो, आज रात्री जेवणे झाल्यावर मुलाला एक साधे आणि एक जोडवाक्य लिहायला सांगा. ते घरचे असू द्या आणि खरे असू द्या. पुढच्या खेपेस प्रश्न कसा विचारायचा, ते पाहू.