पुरुषार्थ आणि औषध

माणदेशातील आटपाडीचा शेतकरी पिढ्यान् पिढ्या दुष्काळाशी झुंजला. त्याच्या कष्टांत उणे काही नव्हते. उणे होते ते पाणी. टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून त्या शिवारांत आणले, तेव्हा ‘आयत्या पाण्यावर डाळिंबे पिकविली’ असे त्याला कोणी हिणविले नाही. मग वजन उतरविण्यासाठी औषध घेणाऱ्यालाच आपला सुशिक्षित समाज आळशी का ठरवितो?

सेमाग्लुटाइड हे औषध २०२५ साली ‘वेगोव्ही’ या नावाने लठ्ठपणासाठी भारतात आले. भूक शमविणाऱ्या आतड्यातील संप्रेरकाचे काम ते करते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आहार-व्यायामाचे मार्गदर्शन दोन्ही गटांना सारखेच होते. तरी ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे १५ टक्के घटले, इतरांचे अडीच टक्क्यांच्या आतच. या इतरांचा निश्चय का दुबळा होता? नव्हे, घटलेले वजन शरीरच भूक वाढवून परत मागत असते.

अर्थात, पंप थांबले की कालवा कोरडा पडतो, तसे औषध थांबले की गेलेले वजन बहुतांशी परतते. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. लग्नाच्या मुहूर्तापुरते नव्हे. पाणी आले म्हणून नांगर सुटत नाही. औषध आले म्हणून आहार-व्यायामही सुटत नाही. परंतु नांगर धरणाऱ्याला पाणी नाकारणे हा न्याय नव्हे, आणि पाणी घेतले म्हणून त्याला हसणे ही नीती तर नव्हेच नव्हे.