व्होल्टचा आकडा पुरेसा नाही

कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या लासोंड अभियांत्रिकी विद्याशाखेत छापील इलेक्ट्रॉनिक्सवर संशोधन चालते. नाडी, श्वास, सांध्यांची हालचाल टिपणारी पातळ फिल्म कपड्यावर छापता यावी, ही या क्षेत्राची आस रास्तच आहे. पीव्हीडीएफ हे प्लास्टिक दाबले किंवा ताणले की विद्युतभार देते, हे जपानच्या हेइजी कवाई यांनी १९६९ मध्ये दाखवले. शिसेयुक्त सिरॅमिकपुढे मात्र हा भार फारच तोकडा, म्हणून फिल्म छापण्याच्या शाईत बेरियम टायटॅनेटसारखे शिसे नसलेले नॅनोकण मिसळतात. मग किती व्होल्ट मिळाले, याच आकड्याचा गवगवा होतो. तो आकडा फसवा आहे. दाब किती, फिल्म केवढी, मोजणाऱ्या उपकरणाचा रोध किती, यांवर तो बदलतो. शिवाय कापड त्वचेला घासले तरी स्थिर वीज निर्माण होते आणि ती त्यात बेमालूम मिसळते.

सुरुवातीच्या संशोधनाला कडक कसोट्या लावल्या तर नवे प्रयोग खुंटतील, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण कण वाढवले की त्यांच्या गुठळ्या होतात, फिल्म ठिसूळ बनते, म्हणजे जी लवचीकता हवी होती तीच जाते. वृद्धाच्या श्वासावर लक्ष ठेवणारी पट्टी घामात आणि हजारो वेळा वाकल्यावरही तेच मोजमाप देणार का? निधी देणाऱ्यांनी किमान एवढे मागावे: प्रतिन्यूटन विद्युतभार, कण न मिसळलेल्या फिल्मशी तुलना आणि धुण्यानंतरची मोजणी.