विश्लेषण : ‘आक्रमक’ कुत्रा माराने सुधारतो की बिघडतो?

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांबाबतचा आपलाच ११ ऑगस्टचा आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री पकडली त्याच भागात परत सोडावीत, असे सुधारित आदेशात म्हटले आहे. अपवाद दोन : रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली कुत्री आणि ‘आक्रमक’ वर्तन करणारी कुत्री. या दोन्ही गटांना पुन्हा रस्त्यावर सोडायचे नाही. रेबीजची लक्षणे ठरलेली आहेत. ‘आक्रमक’ कोणाला म्हणायचे, याची व्याख्या मात्र आदेशात नाही. घरात कुत्रा पाळणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुत्रा कुणाच्या अंगावर गेला की ‘दोन फटके द्या, सरळ होईल’ हा सल्ला हमखास मिळतो. तो कितपत खरा?

कुत्रा अंगावर का येतो?

बहुतेक वेळा भीतीपोटी. समोरच्याला दूर ठेवण्याचा त्याला माहीत असलेला तो उपाय असतो. दुसरे मोठे कारण म्हणजे वेदना. कानातला संसर्ग, किडलेला दात, दुखणारे सांधे असलेला कुत्रा हात लावताच फिस्कारतो आणि घरचे म्हणतात, ‘हल्ली चिडका झालाय.’ खाण्याच्या भांड्याची किंवा जागेची राखण, पिल्ले जवळ असणे ही आणखी कारणे. चावा सहसा अचानक येत नाही. त्याआधी कुत्रा तोंड वळवतो, ओठ चाटतो, जांभई देतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. आपल्याला ऐकू येते ते फक्त गुरगुरणे, आणि नेमकी तेव्हाच त्याला चापट बसते. चापटीने गुरगुरणे थांबते, भीती तशीच राहते. पुढच्या वेळी तो इशारा न देता चावतो.

‘मालक कोण ते दाखवा’ हे आले कुठून?

लांडग्यांवरून. स्विस संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर १९४७ मध्ये प्रबंध लिहिला. एकमेकांशी नाते नसलेले, कुंपणात कोंडलेले ते प्राणी वर्चस्वासाठी भांडत. डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील पुस्तकाने ‘अल्फा’ची कल्पना लोकप्रिय केली. पुढे कॅनडाच्या एल्समिअर बेटावर रानातल्या लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण केल्यावर मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिले, की कळप म्हणजे मुळात आई-बाप आणि त्यांची पिल्ले. तिथे ‘अल्फा’ म्हणण्यासारखे काही नाही. मूळ लेखकाने कल्पना मागे घेतली तरी कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरण्याचा प्रकार मात्र अजून सर्रास चालतो.

माराचा परिणाम कोणी मोजला आहे का?

होय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये, वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना त्यांनी काय उपाय केले ते विचारले. ज्यांनी मारले किंवा लाथ घातली त्यांच्यापैकी ४३ टक्के जणांवर कुत्रा उलटला होता. उताणे पाडणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के, नुसते डोळे वटारून पाहणाऱ्यांत ३० टक्के होते. ही उत्तरे मालकांच्या आठवणीवर बेतलेली आहेत आणि कुत्री आधीच अडचणीतली होती, हे लक्षात ठेवायला हवे. पोर्तुगालमधील २०२० चा अभ्यास अधिक काटेकोर होता. प्रशिक्षण शाळांतील ९२ कुत्र्यांची लाळ तपासली असता शिक्षेवर चालणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांत प्रशिक्षणानंतर कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक अधिक वाढलेले आढळले. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली : आक्रमक कुत्र्यांसह सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित पद्धतच वापरावी.

मग सौम्य पद्धत म्हणजे काय?

लाड नव्हे. सुरुवात पशुवैद्याकडून होते. दुखणे असेल तर आधी ते बरे करायचे. नंतर कुत्रा नेमका कशाने भडकतो ते शोधायचे. दाढीवाला माणूस, स्कूटर, दुसरा कुत्रा, काहीही असू शकते. तोवर त्याला भडकण्याची संधीच द्यायची नाही. गर्दीची वेळ टाळून फिरायला न्यायचे, लिफ्ट रिकामी असेल तरच चढायचे. तोंडाला जाळीदार मुसके लावण्यात कमीपणा नाही. मात्र त्यातून पाणी पिता यायला हवे, धापही टाकता यायला हवी. तोंड घट्ट बांधणारी पट्टी आपल्या उन्हाळ्यात धोक्याची.

खरे काम अंतराचे आहे. समजा, स्कूटर १० फुटांवर आली की कुत्रा झेपावतो, पण ४० फुटांवर नुसता पाहतो. काम ४० फुटांवरच सुरू करायचे. स्कूटर दिसली की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा, स्कूटर गेली की तुकडे बंद. क्रम महत्त्वाचा : आधी स्कूटर, मग खाऊ. उलट केले तर खाऊ दिसताच तो स्कूटर शोधत घाबरतो. काही दिवसांनी स्कूटर दिसताच तो मालकाकडे वळून पाहू लागतो. मग अंतर दोन-चार फुटांनी घटवायचे. भुंकला किंवा खाऊ घेईनासा झाला, तर आपण घाई केली असे समजून मागे यायचे.

‘भुंकणाऱ्याला खाऊ म्हणजे भुंकण्याला बक्षीस’ हा आक्षेप नेहमीचा. पण इथे बदलायची आहे ती भीती, आणि खाऊने भीती वाढत नाही. काम काही आठवडे ते अनेक महिने चालते. काही कुत्र्यांना सोबत औषधेही लागतात. ती पशुवैद्यानेच द्यायची.

मर्यादा कोणत्या?

काही कुत्री पूर्ण निर्धोक कधीच होत नाहीत. त्यांना आयुष्यभर मुसके आणि बंद फाटक लागते. लहान मूल असलेल्या घरात हा धोका पत्करायचा का, हा निर्णय कठीण असतो. तो घेणाऱ्याला निर्दयी ठरवू नये. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रेबीजचा संशय असेल तर प्रशिक्षणाचा प्रश्नच नाही. चावा बसल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच लसीसाठी रुग्णालय गाठावे.

भटक्या कुत्र्यांचे काय?

रस्त्यावरच्या कुत्र्यासमोर ४० फुटांवर स्कूटर थांबवता येत नाही. तिथे निर्बीजीकरण, लसीकरण आणि खाऊ घालण्याची वर्दळीपासून दूर ठरलेली जागा हेच उपाय. न्यायालयाच्या आदेशातही अशा जागा ठरवण्यास सांगितले आहे. खरी गोची पकडतानाची आहे. जाळ्यात अडकून पिंजऱ्यात पडलेले जवळपास कोणतेही कुत्रे दात दाखवते. त्या क्षणी कागदावर ‘आक्रमक’ लिहिले गेले, तर सुधारित आदेशानुसार ते गल्लीत परतणार नाही. तेच कुत्रे शांत, आडोशाच्या जागी दोन-तीन दिवस ठेवून पुन्हा पाहिले, तर नोंद वेगळी होऊ शकते. ती तपासणी कोणी आणि केव्हा करायची, हे महापालिकांना ठरवावे लागेल.