खिशातला चुगलखोर
इंदूर-भोपाळ रस्त्यावर काली सिंधच्या काठी सोनकच्छ आहे. तिथल्या बसथांब्यावर उभ्या माणसाचा मोबाईल खिशातूनही बडबडत असतो. विजेरीच्या ॲपला आपण कुठे आहोत हे कशाला हवं? तरी २०१३ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ला याच गोष्टीवरून धरलं: वापरणाऱ्याचं ठिकाण ते गुपचूप जाहिरातवाल्यांना पुरवत होतं. हे ऐकलं की लोक सेटिंगमधला ‘बॅकग्राउंड डेटा’ बंद करतात आणि निर्धास्त होतात. पण अँड्रॉइडवर ते बटण सहसा मोबाईल डेटापुरतंच चालतं. घरी वायफाय मिळालं की पाठवापाठवी पुन्हा सुरू! खरी किल्ली परवानग्यांत आहे. लोकेशन फक्त ॲप वापरत असतानाच द्यायचं (ही सोय २०१९च्या अँड्रॉइड १० पासून आहे), माइक फुकट द्यायचा नाही, आणि जाहिरातवाले ज्यावरून आपला फोन ओळखतात तो ॲडव्हर्टायझिंग आयडी सरळ काढून टाकायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये कायदाही आला. ‘अलाउ’वर अंगठा मात्र आपणच ठेवतो, तोही न वाचता. व्हॉट्सॲपचा बॅकग्राउंड डेटा तेवढा राहू द्या, नाहीतर सासरचे निरोप उशिरा पोचतील.