अखर्चित म्हणजे अनावश्यक नव्हे

सरकारी कामकाजातला एक हिशेब मला पटत नाही. एखाद्या आरोग्य केंद्राचे पैसे वर्षअखेर उरले, की गरजच नव्हती असं धरायचं आणि पुढच्या वर्षी हात आखडता घ्यायचा. पैसे का उरले, ते कोणी विचारत नाही. सर्जनची जागा रिकामी, भूलतज्ज्ञ नाही, म्हणून ऑपरेशन थिएटरला कुलूप. थिएटर बंद म्हणून सामान घेतलं नाही, सामान घेतलं नाही म्हणून पैसे उरले. ते कापले, की पुढच्या वर्षी सर्जन येण्याची आशा आणखी कमी.

सामुदायिक आरोग्य केंद्र, म्हणजे महाराष्ट्रात आपण ज्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतो ते, ३० खाटांचं. तिथे सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असायला हवेत. २०२१-२२च्या सरकारी आकडेवारीत देशभर या तज्ज्ञांची तूट जवळजवळ ८० टक्के होती. सैन्यातही अधिकारी मंजूर संख्येपेक्षा कमीच आहेत. म्हणून कोणी पलटणच मोडा म्हणत नाही.

अरुणाचलच्या पोस्टिंगमध्ये दिबांग खोरं पाहिलं. २०११च्या जनगणनेत दिबांग व्हॅली जिल्ह्याची लोकसंख्या ८,००४. क्षेत्रफळ मात्र नऊ हजार चौरस किलोमीटरहून जास्त. डोंगराळ भागात ८० हजार लोकांमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. त्या हिशेबाने अख्ख्या जिल्ह्याच्या वाट्याला एका केंद्राचा दहावा हिस्सा येतो! रोइंगहून अनिनीला जाणारा रस्ता मायोदिया खिंडीतून जातो. हिवाळ्यात बर्फ, पावसाळ्यात दरडी. तिथे बाळंतीण अडली तर 'पुढच्या रुग्णालयात न्या' या सल्ल्याला काही अर्थ नसतो.

अशा भागात लोक आमच्या एमआय रूमकडे येतात आणि आरएमओ कोणाला परत पाठवत नाही. पण ती खोली जवानांच्या गरजेवर बेतलेली असते. तिथे प्रसूतीचं टेबल नसतं, बालरोगतज्ज्ञ नसतो. हेलिकॉप्टर ढगांच्या मर्जीवर. युनिट हललं की डॉक्टरही जातो. सैन्य आहेच, मग वेगळं रुग्णालय कशाला, असं म्हणणाऱ्यांनी तिथे एक पावसाळा काढावा.

केंद्राने २०२३मध्ये 'व्हायब्रंट व्हिलेजेस'साठी ४,८०० कोटी रुपये मंजूर केले, ते सीमेवरची गावं ओस पडू नयेत म्हणून. चांगलंच झालं. खोऱ्यात अनोळखी माणूस दिसला तर आम्हाला आधी गावकरीच सांगतात. पण त्यातला मोठा वाटा रस्त्यांचा आहे, आणि दवाखाना चालत नसेल तर त्याच रस्त्याने कुटुंबं खाली उतरतात.

विम्याला माझा विरोध नाही. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र ते कार्ड रुग्णालयात भरती झाल्यावर चालतं. भरती करून घ्यायला आधी कोणीतरी हवं ना!

२०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं ठरलं होतं. २०२१-२२मध्ये तो १.८४ टक्के होता. वाढ होईल तेव्हा होईल. निदान आहे त्याला कात्री नको. पगार, औषधं, रुग्णवाहिका आणि जनरेटरचं डिझेल हा खर्च सीमेवरच्या चौकीच्या रसदीसारखा धरावा. या वर्षी गोळी झाडली नाही म्हणून चौकीचा दारूगोळा कोणी कमी करतं का? आणि जागा रिकामी राहिल्यामुळे उरलेला पैसा त्याच केंद्राच्या नावावर पुढे ओढावा. ईशान्येत आणि हिमालयीन राज्यांत राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा ९० टक्के भार केंद्र उचलतं. तिथे दिल्लीचा हप्ता लांबला, तर भरून काढायला राज्याच्या तिजोरीत फारसं काही नसतं.

माजी सैनिक बंधूंनो, हा प्रश्न फक्त अरुणाचलचा नाही. आपलं ईसीएचएस पॉलिक्लिनिक बहुधा जिल्ह्याच्या गावी, तेही दिवसाच उघडं. रात्री दोन वाजता शेतावर साप चावला तर आपणही ग्रामीण रुग्णालयाच्याच दारात. तिथल्या रुग्ण कल्याण समितीला जाऊन विचारा: जागा किती मंजूर, किती भरल्या, सर्पदंशाच्या लसीच्या किती बाटल्या शिल्लक, मार्चअखेर उरलेले पैसे कुठे गेले. लेजर मागून घ्या. क्वार्टरमास्टरकडे काम केलेल्याला ते वाचायला कोणी शिकवायला नको.